आईची खाणावळ पुस्तिकेत घालायची का?

पत्रलेखिका पन्नाशी ओलांडलेल्या, राहायला कल्याणला. आईला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. वर्षश्राद्ध गावी, पाटण तालुक्यात. आदल्या रात्री कीर्तन आणि दुसऱ्या दिवशी तीनेकशे पानांचं जेवण. त्या दिवशी वाटायला आठ पानी स्मरणपुस्तिका काढायची असं मोठ्या भावाने ठरवलं आणि ओळखीच्या एका मास्तरांकडून मजकूर लिहून घेतला. त्यात आई 'वात्सल्यमूर्ती' आहे, 'साक्षात अन्नपूर्णा' आहे, 'तीन अपत्यांवर सुसंस्कार करणारी माउली' आहे. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत तिने वर्षानुवर्षं अठरा-वीस गिरणी कामगारांची खाणावळ चालवली, त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

पत्रलेखिकेची मुलगी आजीजवळ वाढली. आजीच्या बोलण्याची बरीच रेकॉर्डिंग तिच्या फोनमध्ये आहेत. मजकूर वाचून ती म्हणाली, "ह्यातली आज्जी माझ्या ओळखीची नाही." त्यावर भाऊ म्हणाला, "आई लोकांची उष्टी काढायची असं छापायचं का? सोयऱ्याधायऱ्यांसमोर?" हा भाऊ १९८२ च्या गिरणी संपात तेरा वर्षांचा होता. संपाआधी शाळा सुटली की गिरणीच्या दारावर डबे पोचवायचा. संपात थकलेले पैसे मागायला त्यालाच खोल्याखोल्यांतून पाठवलं जायचं.

आणखी दोन गोष्टी पत्रात आहेत. एका रेकॉर्डिंगमध्ये आजी नातीला म्हणते, "ते बंद कर आधी." नातीने फोन पालथा ठेवला, बंद केला नाही. पुढे आजी काय बोलली ते पत्रात लिहिलेलं नाही. दुसरं, पत्रलेखिकेला आई आठवायला गेलं की शेवटची दोन वर्षंच आठवतात. आई लेकीला ओळखत नव्हती, आणि संध्याकाळ झाली की "किती पानं आहेत आज?" एवढंच विचारत राहायची. "आईबद्दल खरं लिहायचं की शोभेल ते? आणि ते ठरवायचं कुणी?" असा त्यांचा प्रश्न आहे.

---

ताई,

तुमच्या पत्रात एक वाटणी आधीच झालेली दिसते. लेक खऱ्याच्या बाजूला, दादा लपवण्याच्या बाजूला, आणि मध्ये तुम्ही. मला ही वाटणी पटलेली नाही. ती का, ते सांगते.

दादांच्या जागी जरा बसून बघा. तेरा वर्षांचा मुलगा. वडिलांना पगार नाही. ज्या माणसांना परवापर्यंत डबे नेऊन दिले, ज्यांनी कधी हातावर चार आणे ठेवले असतील, त्यांच्याच दारात जाऊन "आईने पैसे मागितलेत" म्हणायचं. पैसे कुणाकडेच नाहीत हे त्यालाही माहीत, त्यांनाही माहीत. तुमच्या लेकीसाठी खाणावळ म्हणजे आजीची हिंमत. तिने ती गोष्ट ऐकली आहे, आणि ऐकलेल्या गोष्टीत माणूस सुखरूप बाहेर आलेला असतो. दादांनी ती गोष्ट पायांनी चालून काढली आहे. "उष्टी काढायची असं छापायचं का" हे वाक्य आईच्या अब्रूबद्दल आहे असं तुम्ही धरलंत. मला वाटतं त्यातली निम्मी लाज त्या मुलाची स्वतःची आहे, आणि ती अजून कुणी विचारलेली नाही.

म्हणून दादांकडे मजकूर घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. "खाणावळ घालायची की नाही?" हा प्रश्न नको, त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं आणि ते काय येणार ते तुम्हाला माहीत आहे. "दादा, तू डबे कुठल्या गिरणीवर न्यायचास?" असं विचारा. किती डबे असायचे, दारावर कोण घ्यायला यायचं, कालवण सांडलं तर आई काय म्हणायची, पावसात काय करायचास. एकटे असताना विचारा, वहिनी-भाचे भोवती असताना नको. एका बसण्यात काही मिळालं नाही तर पुन्हा बसा. तुमची लेक आजीची रेकॉर्डिंग जपून आहे, तशी मामाची एकही नसेल. आणि आज त्या खोलीतल्या दिवसांचा सगळ्यात जवळचा साक्षीदार तोच उरला आहे.

आता त्या 'उष्टी काढण्या'बद्दल. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून गडीमाणसं मुंबईत आली, बायकापोरं गावी ठेवून आली आणि एकेका खोलीत पाळीपाळीने झोपली. त्यांना जेवू कोण घालत होतं? चाळीतल्या बायका. गिरणगाव दोन वेळा जेवला तो या बायकांच्या हातचं. हे काम इतकं घरातलं धरलं गेलं की ना सरकारी कागदावर त्याची नोंद झाली, ना घरच्यांनी त्याला काम म्हटलं. महिनाभर उधार किराणा भरायचा, सावकाराचं व्याज सोसायचं, गड्यांचे खाडे वजा करून हिशोब धरायचा आणि पगाराच्या दिवशी वसुली करायची. हा धंदा होता आणि तुमची आई तो एकटी सांभाळत होती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या अशाच बायकांना एकत्र करून संस्था उभी केली. या बायकांना स्वतःच्या नावावर बँकेचं कर्ज मिळू लागलं, सावकाराच्या तावडीतून सुटका होऊ लागली. त्या संस्थेचं नाव अन्नपूर्णा महिला मंडळ. मास्तरांनी तुमच्या आईला 'साक्षात अन्नपूर्णा' म्हटलंय आणि नेमकी खाणावळ गाळली, हे वाचून मला हसू आलं. त्यांचाही दोष नाही म्हणा. ज्या माणसाला त्यांनी पाहिलं नाही त्याच्याबद्दल आठ पानं भरायची तर विशेषणंच हाताशी येतात.

दादांना हे भाषण म्हणून ऐकवू नका. पण एवढं जरूर सांगा की त्या तीनशे पानांच्या पंगतीत अशी कितीतरी घरं असतील ज्यांचे आजोबा, चुलते, मामा मुंबईत कुणाच्या तरी खाणावळीत जेवून वाढले. साताऱ्याकडे हे कुणाला नवं नाही. सोयरे नाकं मुरडतील ही दादांची भीती चाळीस वर्षांपूर्वीची आहे. मला तर वाटतं जेवणं झाल्यावर दोन-चार म्हातारे येऊन सांगतील, "आम्ही बी तिथंच जेवायचो."

मजकुराचं काय करायचं? मास्तरांचा मजकूर फेकू नका, दादांनी मान राखून लिहून घेतला आहे. फक्त प्रत्येक विशेषणापाशी थांबा आणि विचारा, म्हणजे तिने केलं काय? एक नमुना देते, माहिती सगळी तुमच्या पत्रातलीच आहे. मास्तर लिहितात, 'अपार कष्ट उपसून त्यांनी संसाराचा गाडा ओढला.' त्याऐवजी असं लिहून बघा:

'बहात्तरच्या दुष्काळानंतर आई मुंबईला आली आणि वर्षभरातच तिने लालबागच्या खोलीत खाणावळ सुरू केली. पहिल्या पाळीचे गडी सातच्या आत गिरणीत पोचायचे, म्हणून ती साडेतीनला उठायची. ८२ साली संप झाला. हप्ता थांबला तरी तिने चार महिने कुणाचं ताट थांबवलं नाही. मे महिन्यात पाटल्या मोडल्या. त्यानंतर मात्र तिने सरळ सांगितलं, आता ज्याने त्याने गावाकडे जावं.'

यात 'त्याग' हा शब्द नाही. तो घालायची गरजही पडणार नाही. शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय, तेही तुमच्याच पत्रातलं आहे. तिने एका टप्प्यावर हात आखडता घेतला. मास्तरांची माउली असं करणार नाही, तुमच्या आईने केलं, कारण तिच्या पदरात तीन पोरं होती आणि ती हिशोबाची पक्की होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीरच केलं नाही. मे महिन्यात हे कुणाला माहीत होतं? त्या अंधारात एका बाईने कधी थांबायचं ते स्वतः ठरवलं. माझ्या मते तिच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट असेल, आणि तुम्ही ती पत्रात एका ओळीत उरकली आहे.

एक चूक तातडीने दुरुस्त करा. मजकुरात 'तीन अपत्ये' असं आहे. तुम्हीच लिहिलंय की कुणी विचारलं तर आई नेहमी "चार" म्हणायची. पहिली मुलगी सहा महिन्यांची होऊन गेली, ती दादांच्याही आधीची. तुम्हा तिघांपैकी कुणी तिला पाहिलं नाही म्हणून ती तुमच्या मोजणीत नाही. आईच्या मोजणीत ती साठेक वर्षं होती. पुस्तिका आईची आहे, तेव्हा आकडा आईचा घाला. 'चार लेकरं, त्यातली थोरली मुलगी सहा महिन्यांची असताना गेली' एवढं पुरे.

आता पालथ्या ठेवलेल्या फोनबद्दल. हे थोडं कडक वाटेल, पण तुमच्या लेकीने ते रेकॉर्डिंग करायला नको होतं. तिचा हेतू वाईट नव्हता. आजी हातातून निसटत चालली होती आणि तिला एक शब्दही सोडवत नव्हता, हे मला कळतं. तरीही आजीने "बंद कर" म्हटलं होतं, आणि तेव्हा ती पूर्ण शुद्धीत होती. तो भाग पुस्तिकेत जाणार नाही, घरच्या ग्रुपवर जाणार नाही, आणि "फक्त तुला म्हणून सांगते" म्हणत मावशीकडेही जाणार नाही. तुम्ही पत्रात मलाही सांगितला नाहीत, ते योग्य केलंत. पुसून टाकायचा का? यावर माणसांची मतं वेगवेगळी असतील. माझं मत असं की वर्षाच्या आत असा निर्णय घेऊ नये. तेवढा तुकडा वेगळ्या फाइलमध्ये काढा. तुम्ही दोघींनी तो ऐकलाय, तो दोघींपुरताच ठेवा. त्यात आज हयात असलेल्या कुणाचं नाव असेल, तर ती व्यक्ती असेपर्यंत पुन्हा ऐकूही नका. आणि लेकीवर चिडू नका. आजीने ते तिला सांगितलं, तुम्हा मुलांपैकी कुणाला नाही, हे तुम्हाला कुठेतरी लागलंय असं पत्रात जाणवलं. पण बायका पोटच्या पोरींना जे सांगत नाहीत ते नातींना सांगतात, हे घरोघरी चालतं. लेकीला सांगितलं की ती त्यावर काहीतरी करायला उठते. नात नुसती ऐकून घेते.

बाकीची रेकॉर्डिंग मात्र आजच वाचवा. फोन पडतो, हरवतो, जुना झाला की विकला जातो. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या पेन ड्राइव्हवर, आणि फाइलच्या नावातच तारीख आणि विषय. मग लेकीला उतरवायला बसवा. दहा मिनिटांचं बोलणं उतरवायला तास सहज जातो, तेव्हा सगळं महिन्यात होईल ही आशा सोडा. उतरवताना आजीची भाषा 'सुधारू' नका. ती "न्हाय" म्हणाली असेल तर "न्हाय"च राहू द्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याजवळच्या खेड्यांपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या बऱ्याच आता पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचायला-ऐकायला मिळतात. तिथे बायकांची बोली जशीच्या तशी आहे आणि ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव आहे. लेकीला ते दाखवा. आजीला ओव्या येत होत्या असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. रेकॉर्डिंगमध्ये त्यातली एखादी असेल तर पुस्तिकेच्या मलपृष्ठावर कुठल्या संतवचनापेक्षा ती शोभेल.

आईच्या हिशोबाच्या वहीच्या पानाचा फोटो तुम्ही सोबत पाठवलात. मी त्या पानावर बराच वेळ रेंगाळले. पेन्सिलीने लिहिलेली नावं, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही पण आकडे एकाखाली एक तंतोतंत. नावापुढे गाव, गावापुढे महिने. जानेवारी भरलेला, फेब्रुवारीत अर्ध्या नावांपुढे रेघ, मार्च-एप्रिल सगळे कोरे. आणि त्या कोऱ्या रकान्यांत एकाच नावापुढे निळ्या शाईने लिहिलेलं, 'दिले. ९१'. नऊ वर्षांनी कुणीतरी पैसे परत आणून दिले. ताई, हा माणूस कोण? तुम्हाला माहीत नाही, लेकीला माहीत नाही. दादांना माहीत असेल! तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, कदाचित घरातच असतील. त्यांना विचारायच्या प्रश्नांत हा सगळ्यात वर ठेवा.

ते पान पुस्तिकेत छापावंसं तुम्हाला वाटेल. छापा, पण नावं झाकून. ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांची मुलं-नातवंडं त्याच पंचक्रोशीत आहेत. आईने त्यांची नावं कधी कुणासमोर काढली नाहीत, असं तुम्हीच लिहिता. मूळ वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवू नका, ओल धरते. जुन्या सुती साडीत बांधून ठेवा आणि आधी पानन् पान फोटो काढून घ्या. त्याच कपाटात वडिलांच्या गिरणीचे कागद असतील, हजेरीचा पास, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती. तेही जपा. गिरणी कामगारांच्या घरांसाठी वारसांना हेच कागद दाखवावे लागतात आणि कितीतरी घरांनी ते रद्दीत घातले. (विषय सोडून बोलले, पण हे सांगितल्यावाचून राहवेना.)

तारखांची तुम्हाला काळजी आहे. आईची जन्मतारीख दाखल्यावर १ जून आहे, ती शाळेत घालताना तिथल्या गुरुजींनी टाकलेली, महाराष्ट्रातल्या तिच्या पिढीतल्या निम्म्या माणसांची असते तशी. पुस्तिकेत तीच घाला, बिघडत नाही. बाकी आयुष्याच्या तारखा मात्र दुसऱ्या रीतीने सापडतील. त्या पिढीने वर्षं कॅलेंडरवर मोजली नाहीत. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरली पोटात होती, असं आई रेकॉर्डिंगमध्ये म्हणते. भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, म्हणजे तुमची ती बहीण बहुधा ६८ सालातली. माहेरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खात होती, म्हणजे ७२-७३. इतर वाचकांनाही ही युक्ती वापरता येईल. पुण्याकडच्या आजीला पानशेत विचारा, म्हणजे १२ जुलै १९६१. लातूर-धाराशिवकडच्या आजीला किल्लारी विचारा, ३० सप्टेंबर १९९३. "तुमचं लग्न कोणत्या साली झालं?" याला उत्तर मिळत नाही. "पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?" म्हटलं की माणूस तासभर बोलतो. आणि ज्यांच्या आई-आज्या अजून आहेत त्यांनी हे वर्षश्राद्धाची वाट न बघता या रविवारी करावं.

पुस्तिकेत आईचं माहेरचं नाव नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? माण तालुक्यातलं गाव नाही, तिच्या आईचं नाव नाही. जणू ती लग्नाच्या मांडवातच जन्मली. वर्षश्राद्धाच्या दिवशी गुरुजी आईसोबत तिच्या सासूचं आणि आजेसासूचं नाव विचारतील. माता, पितामही, प्रपितामही अशी ती ओळ असते. पितामहीपर्यंत घरोघरी सांगता येतं, प्रपितामहीला सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. ते नाव आत्ताच गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या चुलतीकडून मिळवून ठेवा. आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर दोन्हीकडच्या बायका घाला: आईची आई, तिची आई, आणि इकडे सासू, आजेसासू. पुरुषांची वंशावळ भाटांकडे असते, तलाठ्याकडे असते. बायकांची अशी कुठे मिळायची नाही.

आता तुमच्याबद्दल, कारण पत्रात तुम्ही स्वतःला शेवटी ठेवलंय. आईची शेवटची दोन वर्षंच आठवतात याची तुम्हाला अपराधी टोचणी आहे. ती नको. ज्याने दोन वर्षं अंथरुणाशी काढली त्याला तेच आधी आठवणार. दादांना लालबागची आई आठवते, याचं एक कारण असंही आहे की शेवटच्या दोन वर्षांत ते पाहुण्यासारखे येऊन गेले. हा टोमणा नाही, पण पुस्तिका कोण ठरवणार हा प्रश्न निघाला की ही गोष्ट मोजली जावी. तुम्ही आईचं जे पाहिलंत ते इतर कुणी पाहिलेलं नाही.

आणि मला वाटतं, तुम्ही त्या वर्षांकडे फक्त आजार म्हणून बघताय. "किती पानं आहेत आज?" हे वाक्य पुन्हा वाचा. ती लेकीला विसरली, नातीला विसरली, वर्ष-वार विसरली. संध्याकाळ झाली की किती जणांचा स्वयंपाक करायचा हे मात्र तिला हवं होतं. तुम्ही लिहिता की तुम्ही रोज सांगायचात, "आई, आता कुणी येत नाही, आपण तिघीच," आणि ती अस्वस्थ व्हायची. मग एका संध्याकाळी तुमची लेक म्हणाली, "अठरा," आणि आजी "बरं" म्हणून शांत झाली. पुस्तिकेत खाणावळ घालावी की नाही, याचं आईपुरतं उत्तर मला इथे दिसतं. दादांना हा प्रसंग माहीत आहे का? नसेल तर तुमच्या तोंडून कळू दे. तो लिहू नका, सांगा.

तुमच्यासाठी आणखी एक करा. घराबाहेरच्या माणसांना भेटा. चाळीतली जुनी शेजारीण, खाणावळीत जेवलेला एखादा गडी अजून असेल तर तो, आईच्या माहेरची चुलत बहीण. त्यांच्याकडे आजारी आई नाहीच. त्यांच्याकडे आहे ती चाळीस वर्षांची, फटकळ, हातात उलथणं घेतलेली. ती शिव्या द्यायची असं लेक सांगते; हे माहेरच्या बहिणीकडून ऐकलंत तर पोट धरून हसाल. दुसऱ्याच्या आठवणीतून स्वतःच्या आठवणी जाग्या होतात. होत नसतील, वर्ष उलटूनही झोप नाही, अन्न जात नाही, कामात मन नाही असं चाललं असेल, तर मात्र त्याला नुसतं दुःख म्हणून अंगावर काढू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तिथून पुढे डॉक्टरकडे जायचं का तेही कळेल.

शेवटी पुढच्या महिन्याचं. आठ पानांचा हट्ट सोडा, तेवढ्या दिवसांत ते होणार नाही आणि दादांशी धड बोलणंही होणार नाही. चार पानं करा. पहिल्यावर फोटो आणि बायकांची नावं. दुसऱ्यावर आईचं आयुष्य, वर दिला तसल्या साध्या वाक्यांत, खाणावळीसकट. तिसऱ्यावर दादांनी स्वतः लिहिलेलं किंवा त्यांनी सांगितलेलं आणि तुम्ही उतरवलेलं, डब्यांबद्दल, त्यांना जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच. ते नाही म्हणाले तर ते पान मास्तरांच्या मजकुराला द्या. त्यासाठी भांडू नका. चौथ्यावर ओवी. बाकीचं, म्हणजे रेकॉर्डिंग, वही, शेवटची दोन वर्षं, हे घरच्यांसाठीच्या एका जाड वहीत हळूहळू जमत राहू दे. त्याला तारीख नको. छापखान्यात मजकूर देण्याआधी दादांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा, आणि 'चार लेकरं' हे राहून गेलं नाही ना, तेवढं बघा.